मेंदूतून थेट बोलणं: इंग्रजीत जमलं, मराठीत काय काय अडेल?

तारवाला (धागाकर्ता)

"विचार वाचणारं यंत्र आलं" अशा मथळ्यांचा गेली दोन-तीन वर्षं नुसता पूर आहे. मथळाच चुकीचा असतो, म्हणून हा धागा. ही यंत्रं विचार वाचत नाहीत. ओठ, जीभ, जबडा आणि स्वरयंत्र हलवण्याचा जो हुकूम मेंदूतून सुटतो, तो वाचतात. एएलएस (स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी मरत जाण्याचा आजार) किंवा ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या, स्ट्रोकनंतर स्नायू हुकूम पाळत नाहीत, पण हुकूम सुटायचा थांबत नाही. पकडायचा असतो तो हा.

आकडे आधी देतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत होणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एकाच दिवशी दोन शोधनिबंध आले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने मेंदूत प्रत्येकी ६४ सुयांच्या चार जाळ्या बसवल्या होत्या. वेग मिनिटाला ६२ शब्द. शब्दकोश १,२५,००० शब्दांचा असताना २३.८ टक्के शब्द चुकत, ५० शब्दांपुरतं मर्यादित ठेवलं तर ९.१ टक्के. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या गटाने सुया न खुपसता मेंदूच्या पृष्ठभागावर २५३ इलेक्ट्रोडची पातळ चादर ठेवली: ७८ शब्द, १,०२४ शब्दांचा कोश, चूक २५.५ टक्के. इंग्रजीतल्या सहज गप्पा मिनिटाला साधारण १६० शब्दांनी चालतात.

वर्षभरात, ऑगस्ट २०२४ मध्ये, त्याच विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या गटाने २५६ सुया वापरून ९७.५ टक्के अचूकता दाखवली आणि ती आठ महिन्यांहून जास्त टिकवली. वेग मात्र मिनिटाला ३२ शब्दांच्या आसपास. २०२५ मध्ये याच गटाने मजकुराची पायरी गाळून थेट आवाज काढला, प्रश्नार्थक चढ-उतारासकट. तो आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना निम्म्याहून थोडे जास्त शब्द कळत होते. म्हणजे अजून पक्का नाही.

प्रश्न असा: ही साखळी मराठीत आणायची तर कुठली कडी तशीच चालेल आणि कुठली नव्याने घडवावी लागेल?

मुळामुठा

साखळी नीट मांडू या, नाहीतर अर्धे प्रतिसाद "एआय करेल की" असे येतील.

१. सुयांची जाळी सुमारे ३.२ मिमी बाजूचा चौकोन असते, सुई दीड मिमीपर्यंत लांब. पेशीच्या एका स्पंदनाची उंची काही दहा ते शे-दोनशे मायक्रोव्होल्ट आणि रुंदी सुमारे एक मिलिसेकंद. म्हणून नमुने सेकंदाला ३०,००० वेळा घ्यावे लागतात. २५६ वाहिन्या (दर सुईची एक), प्रत्येक नमुना २ बाइट: सेकंदाला १५ एमबीहून जास्त, तासाला सुमारे ५५ जीबी. हा कच्चा माल कुणी कायम साठवून ठेवत नाही.

२. २५० हर्ट्झच्या खालचं गाळायचं. मग प्रत्येक वाहिनीचा सरासरी गोंगाट मोजून त्याच्या साडेचार पट खाली गेलेली प्रत्येक घसरण एक स्पंदन म्हणून मोजायची. कुठली पेशी बोलली याच्या खोलात जायची गरज पडत नाही, आकडा पुरतो. सोबत त्या पट्ट्यातली ऊर्जाही घ्यायची.

३. २० मिलिसेकंदांचे तुकडे करायचे आणि चालत्या सरासरीने सारखे करून घ्यायचे.

४. हे एका न्यूरल नेटवर्कला द्यायचं. स्टॅनफर्डच्या रचनेत दर ८० मिलिसेकंदांना उत्तर येतं: "आत्ता कोणता ध्वनी असण्याची शक्यता किती." इंग्रजीचे ३९ ध्वनी आणि एक शांतता.

५. ध्वनींच्या शक्यतांवरून भाषेचं मॉडेल सर्वांत जुळणारं वाक्य निवडतं. डेव्हिसच्या रचनेत आधी पाच-पाच शब्दांच्या साखळ्यांचं मॉडेल चालतं आणि उरलेल्या पर्यायांत मोठं भाषामॉडेल निवड करतं.

बिघडतं बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. मेंदूतली सुई रोज केसभर सरकते, आसपास पेशींची खपली धरते, कालची वाहिनी आज मुकी होते. म्हणून नेटवर्कच्या तोंडाशी प्रत्येक दिवसासाठी वेगळा छोटा थर ठेवतात आणि बरोबर निघालेल्या वाक्यांवर त्याला चालता चालता पुन्हा शिकवतात. हे केलं नाही तर अचूकता घसरत जाते आणि घरच्यांना वाटतं रुग्ण थकला.

पर्वती_पायथा

एवढा कवटी फोडायचा उद्योग कशाला? ऑनलाइन चार-पाच हजारांत डोक्याला बांधायचा ईईजी पट्टा (मेंदूतली वीज कवटीबाहेरून मोजणारा) मिळतो. "विचार टाइप करा" असं लिहिलेलं असतं त्यावर.

तारवाला

लिहिलेलं असतं. खोक्यावर काय, काहीही लिहिता येतं.

कवटी आणि त्वचेतून बाहेर येईपर्यंत मेंदूचा सिग्नल काही सेंटीमीटरभर फिसकटलेला असतो. वर मुळामुठा यांनी सांगितलेला चौकोन ३.२ मिमीचा आहे, यावरून अंदाज घ्या. कपाळावरच्या पट्ट्यात जे "बोलण्याचे" सिग्नल दिसतात ते बव्हंशी जबड्याच्या आणि भुवईच्या स्नायूंचे असतात. साधी परीक्षा आहे: दात घट्ट आवळा. आलेख उसळला तर त्या पट्ट्याला मेंदूआधी जबडा ऐकू येतो.

ईईजीने टाइप करण्याची प्रामाणिक पद्धत आहे, पण ती वेगळी. १९८८ मध्ये फारवेल आणि डॉन्चिन यांनी मांडलेली पी-३०० पाटी: अक्षरांच्या चौकटीतल्या ओळी आणि स्तंभ आलटून पालटून चमकतात, हवं ते अक्षर चमकलं की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लाट येते. मूळ चौकट ६×६ ची. देवनागरीला मात्रांसकट ८×८ लागते. ८ ओळी आणि ८ स्तंभ, प्रत्येक १० वेळा, दर चमक १७५ मिलिसेकंदांनी: एका निवडीला २८ सेकंद. 'पाणी' या शब्दाला प, काना, ण, दुसरी वेलांटी अशा चार निवडी, म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं. सिग्नल चांगला असेल तर १० ऐवजी ४-५ फेऱ्यांत भागतं.

प्रकल्पासाठी एडीएस १२९९ चिपवर ईईजी जोडणाऱ्या मुलांसाठी चार सूचना. लॅपटॉप बॅटरीवरच चालवा. चार्जर जोडलेला असताना माणसाला तारा लावायच्या नाहीत, वीजविलगीकरण नसेल तर ते जिवावरचं आहे. डोक्याला खोबरेल तेल नको, आदल्या रात्री शाम्पूने केस धुवा, कंडिशनर मात्र टाळा. तेल असलं की प्रतिरोध ५ किलोओहमखाली येतच नाही. ५० हर्ट्झचा गाळणी-फिल्टर लावा, पण दिवे गेल्यावर स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर चौकोनी लाट येते आणि १५०, २५० हर्ट्झलाही खुंट उभे राहतात. तेवढ्यापुरता इन्व्हर्टर बंद करा, पंख्यावाचून पंधरा मिनिटं कुणी मरत नाही. आणि तारा एकमेकींना पीळ देऊन ठेवा, मोकळ्या लोंबल्या की खोलीतला सगळा वीजगोंगाट त्यांच्यात शिरतो.

अक्षरवाटिका

माझ्या मते चौथी पायरी मराठीला सोपी जाईल आणि पाचवी रडवेल.

आपण शाळेत घोकलेली वर्णमाला उच्चारस्थानांनी लावलेली आहे. क-वर्ग जिभेच्या मुळाशी, ट-वर्ग टोक मागे वळवून, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांशी. यंत्र वाचतं तेही हेच. २०२३ च्या अभ्यासात ज्या ध्वनींना तोंडाच्या हालचाली सारख्या लागतात त्यांचे मेंदूतले ठसेही एकमेकांजवळ आढळले. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्याच गटाने स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या एका माणसावर दाखवलं की एका भाषेवर शिकवलेलं दुसरीला उपयोगी पडतं, कारण तोंड तेच.

मराठीसाठी मी ध्वनींची यादी अशी धरेन: क, ट, त, प या चार वर्गांचे प्रत्येकी चार स्फोटक, म्हणजे १६. तालव्य च छ ज झ ४, आणि दंततालव्य च ज झ ३ ('चमचा'तला च आणि 'चंद्र'मधला च वेगळे ठेवलेच पाहिजेत, जीभ वेगळ्या जागी टेकते). म न ण ३. य र ल व ळ ५. श स ह ३, ष बोलताना श मध्येच जातो. स्वर १०: अ आ इ उ ए ऐ ओ औ, शिवाय 'बँक'मधला आणि 'डॉक्टर'मधला. एकूण ४४, अधिक शांतता. ऱ्हस्व-दीर्घ इ-उ यादीत घालू नका, बोलण्यात तो फरक पुरेसा टिकत नाही, शुद्धलेखन पाचव्या पायरीवर शब्दकोश बघेल. म्ह, न्ह, ल्ह यांना स्वतंत्र ध्वनी न करता 'ह' जोडून चालवा.

खरी अडचण महाप्राणांची. 'दार' आणि 'धार', 'गडी' आणि 'घडी', 'कार' आणि 'खार' यांत जीभ-ओठ तंतोतंत तेच करतात, फरक सगळा स्वरयंत्रात. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा क आपोआप थोडा ख होतो, पण त्याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे तिथल्या यंत्रांना हा भेद शिकावाच लागलेला नाही. स्वरयंत्राचा ताबा ठेवणारा एक भाग मोटर कॉर्टेक्समध्ये (हालचालींचे हुकूम सोडणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यात) बराच वरच्या बाजूला आहे. २०१८ मध्ये आवाजाची उंची तिथून ठरत असल्याचं दाखवलं गेलं. चारही जाळ्या ओठ-जिभेच्या पट्ट्यात बसवल्या तर घ आणि ग यांची गल्लत होणार असं धरून चला. मराठीसाठी एक जाळी स्वरयंत्राच्या भागाकडे द्यावी की नाही, हा शस्त्रक्रियेआधी सोडवायचा प्रश्न आहे. नंतर सुई हलवता येत नाही.

अनुस्वाराबद्दल: लिखाणात ठिपका एकच, पण 'संप'मध्ये म्, 'संत'मध्ये न्, 'रंग'मध्ये ङ्, आणि 'संशय'मध्ये व-सारखा नाकातला आवाज. उच्चारकोश हाताने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. शब्दाच्या शेवटचा अ गळतो, मधलाही गळतो ('बसला' आपण 'बस्ला' म्हणतो). हे नियम न लावता लिपीवरून थेट ध्वनी काढले तर नेटवर्कला न उच्चारलेले स्वर शोधायला लावाल.

मुळामुठा

पाचवी रडवेल हे अगदी मान्य. इंग्रजीत १,२५,००० शब्दांत रोजचं जवळजवळ सगळं बोलणं मावतं. मराठीत एक 'घर' घ्या: घरात, घरातून, घराला, घराचा-ची-चं-चे-च्या, घरापर्यंत, घरासमोर, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनाही. यातलं एखादं रूप कोशात नसेल तर माणूस कितीही नीट बोलला तरी ते पडद्यावर येणारच नाही, त्याऐवजी जवळचं काहीतरी येईल. उपाय: कोशात पूर्ण शब्द न ठेवता सामान्यरूप आणि प्रत्यय वेगळे ठेवायचे, आणि मॉडेलला त्यांच्या जोडण्या शिकवायच्या.

दुसरा सापळा मजकुराचा. मराठीचा सहज मिळणारा साठा वृत्तपत्री. त्यात "ते म्हणाले", "यावेळी उपस्थित होते" ढिगाने. अंथरुणावरच्या बाईला म्हणायचं असतं "मला कुशीवर वळव", "पंखा नको", "कंटाळा आलाय". प्रथमपुरुषी स्त्रीलिंगी क्रियापदं आणि 'हवंय, झालंय, जातेय' ही रूपं बातम्यांत औषधालाही नसतात. यंत्र मग 'जाते'ला ठोकून 'जातो' करतं. बोलणाऱ्याचं लिंग मॉडेलला आधीच सांगायचं आणि गप्पांचा, संवादांचा मजकूर वेगळा मिळवून त्याला जास्त वजन द्यायचं. सरावाची वाक्यंही तशीच निवडायची. स्टॅनफर्डने सुमारे १०,८५० वाक्यं वापरली होती. मराठीत ढ, ठ, झ कमी येतात, म्हणून वाक्यं निवडताना प्रत्येक ध्वनीची जोडी पुरेशा वेळा येईल असं मोजून घ्यायचं.

कर्वेनगरची_कुमुद

वाचतेय. मेंदूशास्त्राच्या बाजूने यात अजून अनुत्तरित काय आहे, ते कुणी सांगाल का? पाठ्यपुस्तकात ब्रोका म्हणजे बोलण्याचं केंद्र असंच शिकवतात.

न्यूरो_पाषाण

पाठ्यपुस्तक बदलायची वेळ आली आहे, कुमुदताई. पॉल ब्रोकाने १८६१ मध्ये दाखवलेला भाग दीडशे वर्षं 'बोलण्याचं केंद्र' म्हणून मिरवला. स्टॅनफर्डच्या चारपैकी दोन जाळ्या त्याच भागात, क्षेत्र ४४ मध्ये, होत्या. तिथून शब्द ओळखण्याजोगं जवळजवळ काहीच मिळालं नाही. सगळं काम शेजारच्या ६व्ही क्षेत्रातल्या दोन जाळ्यांवर झालं. माणूस एक आणि जाळीची जागा इवलीशी, म्हणून "ब्रोका खोटा" असा निकाल देता येत नाही. पण मग तो भाग नेमकं काय करतो? वाक्याची आखणी, शब्दांचा क्रम, की आणखी काही? यावर एकमत नाही.

दुसरं, पेनफिल्डचा १९३७ चा नकाशा: इथे हात, इथे ओठ, इथे जीभ, अशा आखीव वाटण्या. ६व्ही मध्ये त्या एकाच छोट्या चौकोनात ओठ, जीभ, जबडा, स्वरयंत्र सगळं एकमेकांत मिसळलेलं सापडलं. आपल्याला हे सोयीचं आहे, कमी जागेत सगळं मिळतं. शिवाय २०२३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या (सेंट लुईसच्या) गटाने दाखवलं की पाय-हात-तोंड या पट्ट्यांच्या मध्येमध्ये तीन वेगळे भाग आहेत, जे कुठल्याच अवयवाचे नाहीत आणि नियोजनाशी जोडलेले दिसतात.

तिसरं, मनातल्या मनात बोलणं. ऑगस्ट २०२५ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात चार सहभागींच्या मोटर कॉर्टेक्समधून मूक बोलणंही वाचता आलं, १,२५,००० शब्दांच्या कोशावर जास्तीत जास्त ७४ टक्के अचूकतेने. ते बोलायच्या प्रयत्नासारखंच दिसतं, पण मंद. आकृत्या मोजायला सांगितल्या तेव्हा मनातले आकडेही थोडेफार उमटले. म्हणून त्याच अभ्यासात दोन कुलपं तपासली: एक, यंत्राला मूक बोलणं ओळखून गाळायला शिकवणं; दोन, मनात ठरावीक वाक्य म्हटल्याशिवाय यंत्र उघडणारच नाही. मुद्दामहून न बोललेलं किती बाहेर सांडतं, हा मोठा उघडा प्रश्न आहे.

एमआरआयने विचार वाचल्याची टेक्सासची २०२३ ची बातमी वेगळ्या जातीची. तिथे प्रत्येक माणूस १६ तास यंत्रात पडून गोष्टी ऐकत होता, आशय ढोबळ निघतो आणि त्याने मनात दुसरंच काही सुरू केलं की सगळं कोसळतं.

औंधकर

चर्चा छान, पण घरात एएलएसचा पेशंट असलेले लोक हे वाचतील म्हणून लिहिते. मेंदूतल्या सुया सध्या चाचण्यांपुरत्या आहेत. डोक्यातून बाहेर येणाऱ्या जोडणीला जंतुसंसर्गाचा धोका असतो, बिनतारी यंत्रातही तारा सरकतात: २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीच्या पहिल्या रोपणात १,०२४ इलेक्ट्रोडचे ६४ धागे होते, त्यातले बरेच काही आठवड्यांत मेंदूतून मागे सरकले. आज पुण्यात बसून करता येण्यासारखं हे:

आवाज आहे तोवर साठवा. शांत खोली, पंखा बंद, माइक तोंडापासून १५ ते २० सेंमी, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, डब्ल्यूएव्ही फाइल. एकावेळी वीस मिनिटांहून जास्त नको, आवाज थकला की नमुना खराब होतो. हाका, नातवंडांची नावं, लाडाची आणि रागाची वाक्यंही घ्या. जुन्या व्हॉट्सअॅप व्हॉइस नोट्स दाबलेल्या दर्जाच्या असतात तरी फोन बदलण्याआधी उतरवून घ्या. डेव्हिसच्या सहभागीचा संगणकी आवाज त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरूनच बनवला होता.

मग वर्गांची पाटी. एएलएसमध्ये डोळ्यांची हालचाल सहसा शेवटपर्यंत टिकते. आठ ओळी: क, च, ट, त, प हे पाच वर्ग (ङ आणि ञ काढून), य र ल व, श स ह ळ, आणि स्वर-मात्रा. सोबतचा माणूस ओळी म्हणत जातो: "क-ओळ? च-ओळ?" पेशंट वर बघतो म्हणजे हो. मग ओळीतली अक्षरं. व्यंजन आलं की पुढचा प्रश्न आधी "मात्रा?" असा. 'पाणी' मोजा: प ला ६ विचारणा, काना २, ण ८, दुसरी वेलांटी ४. वीस विचारणा, दीड सेकंदाला एक धरली तरी अर्धा मिनिट. वरच्या ईईजी टोपीपेक्षा हा पुठ्ठा वेगवान आहे, आणि वर्णमाला घरातल्या प्रत्येकाला पाठ असते.

चुका नेहमीच्या: पापणी मिटणं ही खूण ठेवू नका, माणूस मिनिटाला पंधराएक वेळा सहज पापणी लववतो. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, एवढंच. ही खूण मोठ्या अक्षरात पलंगाशी लावा, रात्रीच्या आयांनाही तीच कळली पाहिजे. पेशंटच्या आधी शब्द पुरा करायची घाई करू नका, "पाणी ना?" असं विचारलं आणि त्याला 'पाय' म्हणायचं असलं तर तो चिडतो आणि पाटी नको म्हणतो.

बोट किंवा अंगठा थोडा हलत असेल तर एक बटण पुरतं. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) गेम मशीनचं मोठं पुश-बटण आणि कीबोर्डसारखा चालणारा छोटा मायक्रोकंट्रोलर मिळतो. बटण दाबलं की स्पेसची कळ जाईल असा प्रोग्राम, आणि अँड्रॉइडमध्ये 'स्विच अॅक्सेस' (बटणाने फोन चालवायची सोय) सुरू. बटणाला हलका स्प्रिंग बघून घ्या, दुकानात बोटाच्या नखाने दाबून बघायचं.

डोळ्यांच्या कॅमेऱ्याचं यंत्र घ्यायचं असेल तर पडदा डोळ्यांपासून साठेक सेंमीवर, आणि खिडकीतलं ऊन थेट पडू देऊ नका. यंत्र अवरक्त प्रकाशावर चालतं, उन्हात ते आंधळं होतं. बायफोकल चष्म्यानेही गडबड होते.

पर्वती_पायथा

हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा आहे. एक शंका: पाटीवर र, त, ल, क अशी जास्त लागणारी अक्षरं पुढे घेतली तर आणखी वेग येणार नाही का?

अक्षरवाटिका

विचारणा कमी होतील, पण नवा क्रम सगळ्यांना घोकावा लागेल, आणि भेटायला आलेला भाचा अडेल. मधला मार्ग: वर्ग तसेच ठेवा, ओळींचा क्रम बदला. त-ओळ आणि य-ओळ सर्वांत आधी, ट-ओळ शेवटी. ओळीच्या आतला क्रम मात्र हलवू नका.

कर्वेनगरची_कुमुद

आणि जोडाक्षरं? क्ष, ज्ञ, त्र यांना वेगळी ओळ द्यायची का?

औंधकर

नाही. पाय मोडायची खूणसुद्धा ठेवायची नाही, 'मात्रा?'ला खाली बघितलं की सरळ पुढचं व्यंजन. 'पुसतक' आलं की वाचणारा 'पुस्तक'च म्हणतो, 'डॉकटर' आलं की डॉक्टरांना फोन लागतो. 'ज्ञानेश्वर' हवा असेल तर 'दनयानेशवर' येईल, तेही चालतं.